बटणांच्या गावी

जर्मनीला जाऊन आलो असे सांगितले की ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, "कोलोनचे कॅथीड्रल पाहिले का?" दुसरा प्रश्न ऱ्हाइन नदीतल्या नौकाविहाराचा असतो. कॅथीड्रल पाहिले, नौकाविहारही केला, आणि दोन्ही गोष्टी वाखाणण्याजोग्या आहेत यात शंका नाही. परंतु सहा आठवड्यांच्या मुक्कामातला जो एक दिवस मला उरलेला जन्म पुरणार आहे, तो मी ल्यूडेनशाइड नावाच्या एका डोंगरी गावात, एका म्हाताऱ्या कारागिराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून काढला. खिशात अडीच इंच लांबीचा एक धातूचा गरुड होता. तो आमच्या अण्णांचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात दर दुसऱ्या घरातला एक माणूस पलटणीत असे. अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, बेळगावला कवायत शिकले आणि एकविसाव्या वर्षी इटलीत जाऊन पोहोचले. १९४४ च्या जुलैत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी तोच सन्मान जिवंतपणी मिळवला. ही दोन नावे आमच्या घरात रामलक्ष्मणासारखी घेतली जात. अण्णांना क्रॉस मिळाला नाही. त्यांना मिळाले थोडे पेन्शन, गुडघ्यातली एक कायमची कळ आणि हा गरुड.

जर्मन लष्कराच्या टोपीवरचा तो बिल्ला. पंख पसरलेला गरुड, आणि त्याच्या पायांत पानांच्या वेढ्यात धरलेले तिरपे स्वस्तिक. अण्णा १९४६ साली घरी आले तेव्हा आजीने ट्रंक उघडली, स्वस्तिक पाहिले, आणि 'परदेशातही आपले देव आहेत हो!' म्हणून गरुडाला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवले. संध्याकाळी अण्णांनी तो तिथून उचलला, पुसला आणि ट्रंकेच्या तळाशी टाकला. "हे आपलं न्हवं, आई," एवढेच ते म्हणाले. पुढे पंचेचाळीस वर्षे, म्हणजे १९९१ साली ते गेले तोपर्यंत, तो ट्रंकेतच होता.

गावाने मात्र त्याला ट्रंकेत राहू दिले नाही. अण्णांनी एका जर्मन कप्तानाला संगिनीने लोळवले आणि त्याच्या टोपीवरून हा गरुड उपटला, अशी कथा पारावर तयार झाली. दरवर्षी तिच्यात थोडी भर पडे. मी चौथीत असताना ती वर्गात सांगितली. मुले टाळ्या वाजवत होती. मास्तरांनी कौतुकाने ती अण्णांना सांगितली. त्या रात्री अण्णांनी मला ओट्यावर बोलावले आणि म्हणाले, "गोदाम हुतं. खोकी फुटली हुती. पोरं मूठमूठभर घेत हुती. म्या एक घेतला. कप्तान न्हाई आन् काय न्हाई. पुन्यांदा सांगू नको."

मला त्या रात्री रडू आले. अण्णांवर दया येऊन नव्हे. माझा कप्तान गेला म्हणून. मोठा झाल्यावर मनाने त्यातून पळवाट काढली. खूप पाहिलेली माणसे असेच बोलतात, अण्णांनी कप्तानाला मारले असणार आणि ते लपवत असणार, असे मी धरून चाललो. आमचा एक चुलतभाऊ उलट टोकाला गेला. त्याच्या मते अण्णांनी हा बिल्ला परत येताना मुंबईच्या चोरबाजारात आठ आण्याला घेतला. म्हणजे घरात मते तीन, आणि अण्णांचे मत सर्वांत मागे.

डॉर्टमुंडला कन्या आणि जावईबापू राहतात. त्यांच्याकडे जाताना मी गरुड पायमोज्यात गुंडाळून बॅगेत टाकला. तिथे पोहोचल्यावर मोठ्या हौसेने तो टेबलावर ठेवला, तर कन्येचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, आधी तो आत ठेवा. आणि ट्रेनमध्ये, हॉटेलात, कुठेही बाहेर काढू नका." मग तिने मला कायदा समजावला. त्या देशात फौजदारी कायद्याच्या ८६-अ कलमाखाली नाझी चिन्हे लोकांत मिरवणे हा गुन्हा आहे. दंड होतो, तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. अभ्यास, शिक्षण, कला, इतिहास यांना सूट आहे, आणि घरच्या कपाटात जुनी वस्तू ठेवल्याबद्दल कुणी धरत नाही. पण जुन्या वस्तूंचे व्यापारीसुद्धा छापील यादीत त्या चिन्हावर कागदाचा तुकडा चिकटवतात. दारातल्या रांगोळीत स्वस्तिक काढणाऱ्या आपल्या लोकांना हे चमत्कारिक वाटते खरे. पण ज्यांच्या घरातली माणसे त्या चिन्हाखाली गेली, त्यांना ते कसे दिसत असेल याचा विचार केला की कागदाचा तुकडा समजतो.

कन्येच्या कचेरीतल्या एका बाईंचे शेजारी ल्यूडेनशाइडचे निघाले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, आणि जन्मभर पोलादात ठसे कोरायचे काम केलेले. "त्यांना दाखवा," असे बाईंनी सुचवले, आणि आम्ही बापलेक एका ढगाळ सकाळी हागेनमार्गे निघालो.

हागेन सोडले की गाडी फोल्मे नदीच्या अरुंद खोऱ्यात शिरते. दोन्ही बाजूंना गर्द झाडीचे डोंगर, आणि खाली नदीला चिकटून एकामागून एक कारखाने. आपल्याकडे नदीकाठी घाट आणि देवळे असतात, इथे गिरण्या आणि हातोडखाने. पूर्वी पाण्याच्या जोरावर हातोडे चालत आणि लोखंडाची तार ओढली जाई. शेतीला जमीन बेताची, थंडी कडक, तेव्हा माणसांनी धातूची शेती केली. ल्यूडेनशाइड त्या डोंगरांच्या माथ्यावर, सुमारे सव्वाचारशे मीटर उंचीवर आहे. वस्ती साधारण सत्तर हजार, म्हणजे आपल्या हिशेबाने मोठा तालुका. आज ते स्वतःला 'दिव्यांचे शहर' म्हणवते, कारण दिव्यांचे मोठे कारखाने तिथे आहेत. परंतु त्याआधी दीड-दोन शतके ते बटणांचे गाव होते.

बटण ही वस्तू आपण तुटल्याखेरीज पाहत नाही. ल्यूडेनशाइडच्या इतिहास-संग्रहालयात मात्र बटणे नाटकातल्या नायकासारखी पुढे येऊन उभी राहतात. पितळी, चांदीचा मुलामा दिलेली, मुकुट कोरलेली, नांगर कोरलेली, तोफा कोरलेली! एकोणिसाव्या शतकात राजे वाढले, फौजा वाढल्या, आणि प्रत्येक फौजेच्या प्रत्येक शिपायाच्या कोटाला बटणे लागली. बटणाला लागतो पत्रा, ठसा आणि दाब. बिल्ल्याला, पदकाला, टोपीवरच्या गरुडालाही तेच लागते. त्यामुळे बटणवाले हळूहळू बिल्लेवाले झाले. 'आसमान आणि पुत्र', 'ओव्हरहोफ', 'श्टाइनहाउअर आणि ल्यूक' ही नावे जुने बिल्ले जमवणाऱ्यांच्या तोंडी जगभर असतात. यातले 'आसमान' हे नाव वाचून मला उगाच घरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

आणखी एक धागा इथेच सापडला. आमच्या गावात अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला कुणी अ‍ॅल्युमिनियम म्हणत नाही, 'जर्मनचे पातेले' म्हणतात. याच गावच्या कार्ल बेर्ग नावाच्या कारखानदाराने अ‍ॅल्युमिनियमचा ध्यास घेतला होता. २ जुलै १९०० रोजी कॉन्स्टन्स सरोवरावर काउंट झेपेलिनचे पहिले विमान-जहाज तरंगले, त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा बेर्गच्या कारखान्यातला. आईचे आमटीचे पातेले आणि झेपेलिन एकाच धातूचे, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळले.

म्हातारबुवांचे घर चढावर होते. दार त्यांनीच उघडले. उंच, थोडे वाकलेले, आणि हात मात्र तरुण. कॉफी झाली, घरचा सफरचंदाचा केक झाला. मग त्यांनी टेबलावर हिरवी बनात अंथरली, दिवा जवळ ओढला, आणि कपाटातून एक सपाट ट्रे काढला. त्यात तीसेक गरुड ओळीने पालथे ठेवले होते. कन्येच्या मार्फत मी विचारले, "उलटे का?"

"तोंड सगळ्यांचेच सारखे असते," ते म्हणाले. "माणूस असो की बिल्ला, खरी माहिती पाठीवर असते."

त्यांचे बोलणे मला चटकन समजले, कारण आपल्या देव्हाऱ्यात टाक असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने खंडोबा उठवलेला असतो, आणि टाक उलटा केला की मागे खळग्यात तोच खंडोबा उलटा दिसतो. दाबाने केलेल्या गरुडाचेही असेच. पुढे जे पीस उठलेले, ते मागे खोल गेलेले. पत्रा ठशावर ठेवून जबरदस्त दाबतात, मग दुसऱ्या हत्याराने भोवतीचा जादा पत्रा कापतात. कापल्याच्या बारीक उभ्या रेघा कडेला राहतात. नकली गरुड बहुधा ओतीव असतो, म्हणजे आपल्या पाडव्याच्या गाठीसारखा. साच्यात रस ओतला, गार झाला, काढला. त्याच्या अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, पिसांच्या कडा बोथट असतात. शिवाय ओतलेला धातू गार होताना आक्रसतो, म्हणून खऱ्या बिल्ल्यावरून घेतलेल्या साच्यातली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण मापाला सापडतो.

मग त्यांनी धातूंचा पाठ सुरू केला. पहिला गरुड माझ्या तळव्यावर ठेवला. तो जड आणि किंचित पिवळसर पांढरा होता. ही तांबे, निकेल आणि जस्ताची मिश्रधातू. आपण तिला 'जर्मन सिल्व्हर' म्हणतो, आणि तिच्यात चांदीचा कणही नसतो. १९३४ साली लष्कराच्या टोपीवर हा गरुड आला तेव्हा अशा चांगल्या धातूत त्याची घडण होई. दुसरा गरुड ठेवला तो पिसासारखा हलका. तो अ‍ॅल्युमिनियमचा, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातला. तिसरा पुन्हा जड, पण मळकट करडा, आणि अंगावर पांढरट बुरशीसारखे काहीतरी. तो जस्ताचा, युद्धाच्या उत्तरार्धातला. एका घनसेंटिमीटर अ‍ॅल्युमिनियमचे वजन २.७ ग्रॅम आणि जस्ताचे ७.१, म्हणून डोळे मिटूनही दोघांतला फरक कळतो.

"असे का झाले?" मी विचारले.

"तांबे तोफगोळ्यांना गेले, निकेल चिलखती पोलादाला गेले, अ‍ॅल्युमिनियम विमानांना गेले. १९४० साली चर्चच्या घंटांची यादी झाली आणि पुढे त्याही उतरवल्या. बिल्ल्याला उरले जस्त. वर्तमानपत्रात रोज विजय छापला जाई. पण टोपीवरचा गरुड काय ते खरे सांगत होता, आणि तो कुणी उलटा करून पाहत नव्हते."

जस्तावर मुलामा नीट टिकत नाही, आणि साध्या डाकाने त्याला पाय जोडणेही कठीण. त्यामुळे मागची जोडणी बदलली. जुन्या गरुडाचे पाय डाक देऊन जोडलेले होते. पुढच्यांचे लहान चकतीत बसवून, कडा दाबून अडकवलेले होते. जाणकार माणूस केवळ पाय पाहून साल आणि कारखाना यांचा अंदाज बांधतो.

"पण चित्र तर सरकारने ठरवून दिलेले. मग कारखान्याकारखान्यांत फरक कसा?" या माझ्या प्रश्नावर म्हातारबुवा खुलले, कारण आता त्यांचा धंदा आला. चित्र एकच असले तरी प्रत्येक कारखान्याचा कोरक्या वेगळा. तो पोलादात उलटा गरुड कोरी, आणि त्याच्या हाताची सवय त्या पोलादात उतरे. एकाच्या गरुडाचा डोळा टिंबासारखा, दुसऱ्याचा बदामासारखा. एकाने पंखाच्या ओळीत एक पीस जास्त कोरलेले, दुसऱ्याने छातीवरची पिसे खवल्यांसारखी केलेली. यात मला नवल वाटले नाही. चार घरच्या करंज्या एका ताटात ठेवा, आमची सौ. मुरड पाहून कोणती कुणाची हे बिनचूक सांगते. हवाई दलाच्या गरुडाची तर शेपूटच बदलली. सुरुवातीच्या वर्षांत ती खाली झुकलेली होती, १९३७ च्या सुमारास ती सरळ झाली. शेपूट पाहून टोपी आधीची की नंतरची हे ठरवतात.

मागच्या छापांचेही शास्त्र आहे. पक्षाच्या संघटनांचे बिल्ले पक्षाच्या खरेदी-खात्याच्या परवान्यानेच होत, आणि त्यांवर कारखान्याचा क्रमांक मारला जाई. 'एम १/१७' म्हणजे ल्यूडेनशाइडचे आसमान, 'एम १/५२' म्हणजे म्युनिचचे देशलर. काळ्या पथकाच्या टोपीवरच्या कवटीवरही असे आकडे असतात. त्या कवटीच्या रूपातही १९३४ साली बदल झाला. आधीच्या कवटीला खालचा जबडा नव्हता, नंतर आला. ही कवटी दिसायला भयंकर आणि भावाला चढी, म्हणून बनावटही तिचीच सर्वांत जास्त. म्हातारबुवांच्या ट्रेमध्ये ती नव्हती. "ती मी घरात ठेवत नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या गरुडाकडे वळले. लष्कराच्या गरुडांवर मात्र पुष्कळदा काहीच छाप नसतो, त्यामुळे तिथे पिसे, कडा आणि पाय यांनीच साक्ष द्यायची.

युद्ध संपल्यावर ठसे एका दिवसात नाहीसे झाले नाहीत. १९५७ साली पश्चिम जर्मनीने कायदा करून जुन्या सैनिकांना त्यांची युद्धातली पदके स्वस्तिक काढून टाकलेल्या रूपात लावण्याची परवानगी दिली, आणि या गावातल्या यंत्रांना पुन्हा काम लागले. म्हातारबुवा त्याच सुमारास उमेदवार म्हणून कामाला लागले होते. टोपीवरच्या गरुडाला त्या कायद्यात जागा नव्हती. पुढे जगभर बिल्ले जमवण्याचा छंद वाढला, किमती वाढल्या, आणि नकला करणाऱ्यांची दुकाने चालू झाली. आज बाजारात फिरणाऱ्या मालाकडे जाणकार मनुष्य आधी खोटा म्हणूनच पाहतो, आणि खरेपणा सिद्ध करण्याची जबाबदारी बिल्ल्यावर टाकतो.

एवढे झाल्यावर त्यांनी ट्रेच्या कोपऱ्यातून कापडाचा एक चौकोनी तुकडा काढला. निळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत 'ओस्ट' असे लिहिले होते. ओस्ट म्हणजे पूर्व. रशिया-युक्रेनमधून धरून आणलेल्या मजुरांना हा तुकडा छातीवर लावावा लागे. "माझी आई कारखान्यात होती. तिच्या शेजारच्या यंत्रावर अशी एक मुलगी होती. सोळा वर्षांची असेल. आई तिला कधी कधी पावाचा तुकडा देई, आणि तो देताना दाराकडे बघत असे. संग्राहक येतात, गरुड बघतात, पिसे मोजतात. हा बिल्ला दाखवा असे मला आजवर कुणी म्हटले नाही."

गावाजवळ हुन्सविंकेल नावाच्या ठिकाणी १९४० साली गेस्टापोची एक छावणी उघडली. नाव दिले 'श्रम-शिक्षण छावणी'. तिथले कैदी फेर्से नदीवरच्या धरणाच्या कामावर राबत. कित्येक तिथेच मेले. ही हकीकत ऐकताना मला टेबलावरची गरुडांची ओळ नकोशी वाटू लागली. खिशातला गरुड काढावा की नाही असाही क्षणभर विचार आला. पण ज्यासाठी आलो ते टाळून जाणे बरे नव्हे. मी पायमोजा उलगडला.

म्हातारबुवांनी गरुड हातात घेतला आणि तोंड न पाहताच उलटा केला. भिंग डोळ्याला लावले. पाच मिनिटे खोलीत घड्याळाशिवाय आवाज नव्हता. कन्या माझ्याकडे पाहत होती. मी टेबलाच्या कडेकडे पाहत होतो. चोरबाजारचा आठ आण्याचा माल निघाला तर? आणि खरा निघाला तर मग कप्तानाचे काय?

"जस्त," ते म्हणाले. "दाबून काढलेला. कडेला कापल्याच्या रेघा आहेत." माप लावले, भरले. मग त्यांनी दिवा अगदी खाली आणला आणि डाव्या पंखावर भिंग धरून मला बोलावले. पंखाच्या मुळाशी केसाएवढी एक उभारलेली रेघ होती. ती पिसाची नव्हती, कारण ती पिसे तिरपी ओलांडून जात होती. "ठसा फुटू लागला की त्याला बारीक तडा जातो. दाबताना धातू त्या तड्यात शिरतो आणि बिल्ल्यावर रेघ उठते. नकला करणाऱ्याला हे सुचत नाही." त्यांनी ट्रेमधला एक करडा गरुड उचलून शेजारी ठेवला. त्याच्याही डाव्या पंखावर तीच रेघ होती! फक्त आखूड. "दोघे एकाच ठशाचे. माझा आधीचा, तुमचा नंतरचा. तडा वाढला होता, तरी ठसा चालवत होते. नवा करायला ना पोलाद, ना वेळ."

साताऱ्याच्या ट्रंकेतला गरुड आणि ल्यूडेनशाइडच्या कपाटातला गरुड सख्खे भाऊ निघाले. मला आनंद झाला. चोरबाजार खोटा ठरला असे मी मनात म्हणालो, कारण १९४६ साली नकलांचा बाजारच सुरू झाला नव्हता, आणि हा तर अव्वल अस्सल. मग धीर करून मी विचारले, "हा कुणाच्या टोपीवरून उपटलेला असेल ना? एखाद्या अधिकाऱ्याच्या?"

म्हातारबुवांनी मान हलवली आणि गरुडाचे पाय माझ्यापुढे धरले. बिल्ल्याला मागे दोन पाय असतात. टोपीच्या कापडातून ते आरपार घालायचे आणि आतून दोहोंकडे मुरडायचे, म्हणजे गरुड टोपीवर बसतो. एकदा मुरडलेला पाय पुन्हा सरळ केला तरी मुरडल्या जागी वळ राहतो, मुलाम्याला चिरा पडतात. त्यांनी ट्रेमधले चार गरुड दाखवले. चौघांच्या पायांवर तो वळ होता, जसा अंगठी काढलेल्या बोटावर असतो. माझ्या गरुडाचे दोन्ही पाय कारखान्यातून निघाले तसे होते. सरळ. वळ नाही, चीर नाही, मुळाशी कापडाचा तंतू नाही.

"सरळ पाय पाहिले की मी आधी नकलेचा संशय घेतो," ते म्हणाले. "पण हा खरा आहे हे आपण पाहिले. मग अर्थ एकच. हा कधी टोपीवर चढलाच नाही. रणांगणावरच्या शिपायाच्या टोपीवर तेव्हा कापडात विणलेला गरुड असे. धातूचा लागे तो पुढे झाप असलेल्या ऐटीच्या टोपीला. शेवटी शेवटी ऐट कुणाला करायची होती? असे बिल्ले खोक्यात भरून गोदामांत पडून राहिले. तुमच्या वडिलांना हा कुठे मिळाला?"

कन्येने प्रश्न मराठीत सांगितला. मला तो आधीच समजला होता. साठ वर्षांपूर्वीचा ओटा, कंदील आणि अण्णांचा हलका आवाज. गोदाम हुतं. खोकी फुटली हुती.

"गोदामात," मी म्हणालो. कन्येने ते जर्मनमध्ये सांगितले. तिला ही गोष्ट मी आजवर कधी सांगितली नव्हती. तिलाही मी कप्तानच सांगितला होता.

उत्तर इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती २ मे १९४५ रोजी अमलात आली. पो नदीच्या आसपास कुठे तरी, कुणी सोडून गेलेल्या गोदामात, एकवीस-बावीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा पोर फुटक्या खोक्यांपुढे उभा राहिला असेल. बाकीचे मूठमूठभर घेत असतील. त्याने एक घेतला. घरी येऊन खरे ते सांगितले, आणि कुणी ऐकले नाही. सगळ्यांत आधी मी ऐकले नाही. एखाद्याला मारल्याची शेखी न मिरवणे याला केवढे बळ लागते, हे त्या टेबलाशी बसून मला प्रथम कळले. अख्खे गाव हार घेऊन उभे असताना 'कप्तान नव्हता' असे म्हणणारा मनुष्य माझा बाप होता.

निघताना मी म्हातारबुवांना म्हटले, "दोघे भाऊ आहेत, तर हा तुमच्याकडेच राहू द्या." त्यांनी गरुड माझ्या तळव्यावर ठेवला आणि माझी बोटे मिटली. "माझ्याकडे तो तिसावा होईल. तुमच्याकडे तो एकच आहे."

परतीची गाडी संध्याकाळची होती. जावईबापूंच्या ओळखीचे एक गृहस्थ मोटार घेऊन आले होते, त्यांना फेर्सेच्या धरणाकडे न्यायला सांगितले. धरण युद्धानंतर पुरे झाले. हुन्सविंकेलच्या छावणीची जागा आता त्या पाण्याखाली आहे, आणि ते पाणी लोक पितात. जवळच्या झाडीत मेलेल्या कैद्यांची दफनभूमी आहे. पाणी निवांत होते, पलीकडे देवदारांची रांग होती. फिरायला आलेले एक जोडपे कुत्र्याशी खेळत होते. मी खिशात हात घालून उभा राहिलो. गरुडाचे सरळ पाय बोटांना टोचत होते. कन्येने विचारले, "बाबा, पाण्यात टाकायचा का?" मी नाही म्हटले. टाकून दिला तर अण्णांच्या बाजूची साक्ष कोण देणार?

या दिवाळीला गावी गेलो. ट्रंक अजून माळ्यावर आहे. चुलतभाऊ आला, नातवंडे गोळा झाली, चिवड्याच्या ताटल्या फिरल्या. गरुड उलटा करून मी सगळ्यांपुढे ठेवला आणि पाय दाखवले, वळ कसा पडतो ते सांगितले, रेघ दाखवली. निळ्या कापडाच्या तुकड्याचीही हकीकत सांगितली. चुलतभावाने आठ आणे मागे घेतले. सर्वांत धाकटा नातू, चौथीत आहे, तो बराच वेळ पाय चाचपून पाहत होता. शेवटी म्हणाला, "आजोबा, मग कप्तान?"

"कप्तान नव्हता रे," मी म्हणालो. "गोदाम होतं."